"प्रथमच" या शब्दाची तपासणी : चरणजित सिंग आणि ॲसिड हाउसचा दावा

सिनॉप्सिस लिहायला बसलं की एक वाक्य हमखास येतं : "या विषयावर भारतात प्रथमच अभ्यास होत आहे." पेट दिलेले असोत की नेट-सेटवाले, बहुतेकांच्या पहिल्या ड्राफ्टमध्ये ते असतंच. मग आरआरसीसमोर समितीतलं कुणीतरी विचारतं, "प्रथमच म्हणजे नेमकं काय प्रथमच?" याचं उत्तर कसं शोधायचं ते बघायला आज मी लॅबमधलं उदाहरण घेणार नाही. एका रेकॉर्डचं घेणार आहे.

दावा असा : ॲसिड हाउस नावाचं इलेक्ट्रॉनिक डान्स म्युझिक शिकागोत नाही, मुंबईत जन्मलं. १९८२ मध्ये. जनक, चरणजित सिंग. २०१० नंतर हा दावा लेखांमधून, व्हिडिओंमधून सतत फिरतोय. आपल्याला तो आवडतो. का आवडतो, ते सांगायला नको.

मी हा दावा निवडला कारण तो तपासता येतो. दोन्हीकडच्या रेकॉर्ड्स ऐकायला मिळतात, सालं माहीत आहेत आणि वापरलेलं यंत्र एकच आहे. म्हणजे बरेचसे व्हेरिएबल आयतेच कंट्रोल झालेत. जमलं तर आधी दोन्ही ऐका : सिंग यांच्या 'सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट' या अल्बममधला कुठलाही एक राग, आणि शिकागोच्या फ्युचर या ग्रुपचा 'ॲसिड ट्रॅक्स'. मग पुढे वाचा.

आधी यंत्र समजून घेऊ

१९८१ च्या सुमारास जपानच्या रोलँड कंपनीनं टीबी-३०३ नावाची एक चंदेरी पेटी बाजारात आणली. डिझाइन तादाओ किकुमोतो यांचं. उद्देश अगदी साधा होता : एकट्यानं गिटार वाजवणाऱ्याला बेस गिटारची साथ मिळावी. आपल्याकडे रियाझाला तबलजी नसला की इलेक्ट्रॉनिक तबला लावतात ना, तसंच.

पण तिचा आवाज बेस गिटारसारखा अजिबात नव्हता. त्यात सूर वेगळे भरायचे, त्यांची लय वेगळी भरायची, त्यामुळे प्रोग्रॅम करताना माणूस वैतागायचा. १९८४ मध्ये उत्पादन बंद झालं. सुमारे १०,००० पेट्या तयार झाल्या होत्या, त्यातल्या बऱ्याच सेकंडहँड दुकानांत स्वस्तात येऊन पडल्या.

पेटीच्या आत काय असतं? आवाज निर्माण करणारा एक ऑसिलेटर, तो गाळणारा एक फिल्टर आणि सोळा घरांचा पॅटर्न लक्षात ठेवणारा सीक्वेन्सर. फिल्टरची दोन बटणं महत्त्वाची. कटऑफ ठरवतं की वरचे हार्मॉनिक्स कुठपर्यंत जाऊ द्यायचे. रेझोनन्स ठरवतं की त्या सीमेजवळचा भाग किती उठून ऐकू यावा. पॅटर्न चालू असताना ही बटणं फिरवली की एक ओला, किंचाळणारा, पिळवटल्यासारखा आवाज निघतो. शिवाय प्रत्येक घराला ठसका देता येतो, आणि एका सुरावरून दुसऱ्यावर घसरतही जाता येतं. या घसरण्याला स्लाइड म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

शिकागोत डीजे पिएर, स्पँकी आणि हर्ब जे या तिघांच्या फ्युचर ग्रुपनं अशी एक जुनी पेटी मिळवली आणि तिची बटणं वेडीवाकडी फिरवून पाहिली. त्याची टेप म्युझिक बॉक्स या क्लबमध्ये रॉन हार्डी या डीजेनं वाजवली. सुरुवातीला नाचणारे बिचकले, पण त्याच रात्री पुन्हा पुन्हा वाजवल्यावर वेडे झाले, असं ती मंडळी सांगतात. मार्शल जेफरसनच्या निर्मितीखाली १९८७ मध्ये 'ॲसिड ट्रॅक्स' ट्रॅक्स रेकॉर्ड्सनं बाजारात आणला. दहा मिनिटांहून मोठा ट्रॅक. गाणं नाही, चाल म्हणावी अशी चाल नाही. चारही मात्रांवर ठोका आणि सतत रंग बदलणारी ती एक ओळ. ॲसिड हाउस ते हेच.

आणि सिंग?

चरणजित सिंग (१९४० ते २०१५) मुंबईच्या हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रातले वादक. बेस गिटार, स्टील गिटार, ट्रान्झिकॉर्ड, नंतर सिंथेसायझर. शंकर-जयकिशन, लक्ष्मीकांत-प्यारेलाल, राहुलदेव बर्मन अशा संगीतकारांकडे त्यांनी काम केलं. सिनेमाच्या चाली वाद्यांवर वाजवलेल्या रेकॉर्ड्स काढल्या, लग्नसमारंभांत वाजवलं. म्हणजे पोटापाण्याचा, भरपूर कामाचा, पण पडद्यामागचा वादक.

आता १९८२ साल डोळ्यांसमोर आणा. दोन वर्षांपूर्वी 'कुर्बानी'तलं बिद्दू आणि नाझिया हसनचं गाणं देशभर वाजलंय. त्याच वर्षी बप्पी लाहिरींचा 'डिस्को डान्सर' आलाय. स्टुडिओत रोज डिस्को चालू आहे. सिंग यांच्याकडे रोलँडची तीन नवी यंत्रं आहेत : ज्युपिटर-८ हा कीबोर्ड, टीआर-८०८ हे ड्रम मशीन आणि आपली टीबी-३०३. डिस्को सगळेच करतायत, तर काहीतरी वेगळं करावं, तबला बाजूला ठेवून रागांना डिस्कोचा ठेका द्यावा, अशी आपली कल्पना होती, असं त्यांनी नंतर मुलाखतीत सांगितलं.

एचएमव्हीनं रेकॉर्ड काढली. चालली नाही. पुढे एका डच संग्राहकाला ती भारतात सापडली आणि २०१० मध्ये त्याच्या बॉम्बे कनेक्शन या लेबलनं ती पुन्हा छापली. युरोपात खळबळ उडाली. काहींना तर ही बनवाबनवी वाटली. एफेक्स ट्विन या ब्रिटिश संगीतकारानं गंमत म्हणून केलेली खोटी 'जुनी' रेकॉर्ड असावी, अशी अफवा होती. मग सिंग यांच्या मुलाखती झाल्या, सत्तरी ओलांडलेल्या या माणसानं युरोपात जाऊन तेच राग पुन्हा वाजवले, आणि 'ॲसिड हाउसचा जनक' ही उपाधी त्यांना चिकटली.

एक दावा की तीन?

इथे संशोधकाचं काम सुरू होतं. "सिंग ॲसिड हाउसचे जनक" हे वाक्य एक दिसतं, पण त्यात तीन वेगळे दावे आहेत, आणि प्रत्येकाला लागणारा पुरावा वेगळा आहे.

पहिला दावा कालक्रमाचा : हे आधी झालं. १९८२ हे १९८७ च्या आधी येतं, वाद नाही. पण "हे" म्हणजे काय? यंत्रानं वाजवलेली, न थकणारी बेसची ओळ म्हणत असाल तर जॉर्जिओ मोरोडर आणि पीट बेलॉट यांनी डोना समरबरोबर ते १९७७ मध्येच करून ठेवलंय. टीबी-३०३ चा वापर म्हणत असाल तर ऑरेंज ज्यूस या स्कॉटिश बँडचं 'रिप इट अप' आणि इटलीच्या अलेक्झांडर रोबोत्निकचं काम १९८३ च्या आसपासचंच आहे. "प्रथमच" या शब्दाला व्याख्या दिली नाही तर तो कुणालाही बसतो.

दुसरा दावा साम्याचा : हे तसंच आहे. यासाठी सालं नको, कान लागतात. ठेका सारखा आहे, बेसची घरंगळणारी ओळ सारखी आहे, स्लाइड सारखी आहे. इतकी की पहिल्यांदा ऐकताना माणूस दचकतो. पण ऐकत राहा. 'ॲसिड ट्रॅक्स'मध्ये टीबी-३०३ हाच नायक आहे. चाल जवळपास बदलत नाही, बदलतो तो आवाजाचा पोत. सिंग यांच्याकडे ती पेटी साथीला आहे. नायक आहे ज्युपिटर-८ वर हातानं वाजवलेली रागाची चाल. एकीकडे बटण फिरवणं हीच वादनकला, दुसरीकडे बोटं. हा फरक किरकोळ नाही. ॲसिड हाउसला ॲसिड हाउस करणारी गोष्ट नेमकी तीच आहे.

तिसरा दावा वंशाचा : यातून ते निघालं. इथे पुरावा शून्य. न खपलेली एचएमव्हीची रेकॉर्ड शिकागोच्या त्या तिघांपर्यंत पोहोचल्याची कुठलीही खूण नाही. जनक म्हणायचं तर वंश दाखवावा लागतो, आणि तो दिसत नाही.

बायोलॉजीवाल्यांना हे लगेच कळेल. शार्क आणि डॉल्फिन दोघांचाही आकार सारखा. पण एक मासा, दुसरा सस्तन प्राणी. डॉल्फिननं तो आकार शार्ककडून घेतला नाही. दोघंही पाण्यात वेगानं पोहतात, आणि पाण्याचे नियम दोघांना सारखेच. साम्य असलं की नातं असतंच असं नाही. होमोलॉजी वेगळी, ॲनालॉजी वेगळी. बारावीत पाठ केलेला हा फरक लिटरेचर रिव्ह्यू लिहिताना आपण किती सहज विसरतो!

मग साम्य आलं कुठून?

माझ्या मते खरा प्रश्न हा आहे, आणि "पहिला कोण"च्या गोंगाटात तो कुणी विचारतच नाही. शार्क-डॉल्फिनच्या उदाहरणातलं पाणी इथे कोणतं?

एक उत्तर उघड आहे : यंत्र. सोळा घरांचा पॅटर्न फिरत ठेवायचा, एवढंच टीबी-३०३ ला नीट जमतं. पाश्चात्त्य पॉप गाण्यात कॉर्ड बदलत जातात, त्यामुळे बेसलाही बदलावं लागतं. एकच पॅटर्न फिरवत ठेवला तर गाणं अडतं. म्हणजे या पेटीला असं संगीत हवं होतं ज्यात जमीन बदलत नाही.

राग नेमका तसाच. षड्ज एकदा लागला की लागला. कॉर्डची भानगड नाही. तानपुरा जे करतो तेच काम फिरता बेस करू शकतो. सिंग यांनी निवडलेल्या दहा रागांत भूपाली, कलावती, मालकंस आणि बैरागी हे तर पाच सुरांचे. मोजके सूर आणि स्थिर षड्ज, यंत्राला यापेक्षा सोयीचं काय असणार? तिकडे शिकागोत नाचणाऱ्यांना गाणं नकोच होतं. न थांबणारा ठेका हवा होता. त्यांनी गाणं काढून टाकलं आणि तेही त्याच न बदलणाऱ्या जमिनीवर येऊन उभे राहिले. दोन वाटा, दोन कारणं, एक यंत्र.

हे माझं गृहीतक आहे, आणि ते खोटं पाडता येतं. सिंग यांनी त्याच पेटीवर कॉर्ड बदलणारी सिनेमाची गाणी याच थाटात केली असती आणि तीही इतकीच 'ॲसिड' वाटली असती, तर माझं म्हणणं कोसळलं असतं. तुमच्या गृहीतकाबद्दल असं एक तरी वाक्य लिहिता यायला हवं.

रेकॉर्ड म्हणून कशी आहे?

एवढं झाल्यावर "जनक" बाजूला ठेवून रेकॉर्डकडे रेकॉर्ड म्हणून बघता येतं.

तिची ताकद तिच्या शिस्तीत आहे. 'राग आणि डिस्को' म्हटल्यावर आपल्याला वाटतं की चार सूर रागाचे घेतले आणि वर ढोल बडवला. सिंग तसं करत नाहीत. रागाचे वर्ज्य सूर ते पाळतात. ललितमध्ये पंचम नाही आणि दोन्ही मध्यम आहेत, त्यामुळे डिस्कोच्या ठेक्याखालीही एक अस्वस्थ, अधांतरी रंग राहतो. माझ्या मते या अल्बममधली ही सर्वांत धाडसी जागा. पहिल्याच भैरवात सिंथेसायझरच्या आवाजात "ओम नमः शिवाय" ऐकू येतं. तिथे हसू येण्याचा धोका होता, पण माणूस इतक्या गंभीरपणे वाजवतोय की आपण हसत नाही.

कमतरताही त्याच शिस्तीतून येते. स्लाइडला मींड म्हणण्याचा मोह होतो, आणि बऱ्याच लेखांत तसं म्हटलंही जातं. पण स्लाइड म्हणजे ठरावीक वेळात एका सुरावरून दुसऱ्यावर जाणं. मींडेत कसं जायचं, कुठे रेंगाळायचं, कोणत्या श्रुतीला स्पर्श करायचा, यालाच अर्थ असतो. यंत्राला पोहोचणं कळतं, रेंगाळणं कळत नाही. दुसरं असं की रागाची बढत वेळ मागते. इथे प्रत्येक राग काही मिनिटांचा आणि ठेका पहिल्यापासून शेवटपर्यंत तोच. पहाटेचा ललित आणि रात्रीचा मालकंस एकाच ट्यूबलाइटखाली उभे केल्यासारखे वाटतात. सलग दहा ऐकले तर मधले दोन-तीन एकमेकांत मिसळतात. मी म्हणेन, ललित, भैरव आणि कलावती वेगवेगळे ऐका.

म्हणजे ही उत्कृष्ट रेकॉर्ड आहे का? माझं उत्तर : ही एका अत्यंत कुशल वादकानं नव्या यंत्राच्या मर्यादा नीट ओळखून केलेली, अर्धी यशस्वी, पूर्ण प्रामाणिक रेकॉर्ड आहे. माझ्या लेखी हे "जनक" या शब्दापेक्षा मोठं कौतुक आहे, कारण ते रेकॉर्ड ऐकून केलेलं आहे.

"पहिला" म्हणण्याची किंमत

तुम्ही म्हणाल, चांगल्या माणसाला उशिरा का होईना मान मिळाला, तर बिघडलं कुठे?

बिघडतं ते दोन ठिकाणी. एक, शिकागोतल्या लोकांचं. हाउस म्युझिक तिथल्या काळ्या आणि समलिंगी तरुणांच्या क्लबांमध्ये वाढलं. डीजे, नाचणारे, टेप देवाणघेवाण करणारे, छोटी लेबलं, अशा सगळ्यांनी मिळून ती पद्धत घडवली. एक रेकॉर्ड म्हणजे संगीतप्रकार नव्हे. प्रकार व्हायला ती गोष्ट पुन्हा पुन्हा करणारी माणसं लागतात. "खरं तर हे दुसरीकडे आधीच झालं होतं" असं म्हणताना आपण नकळत त्यांचं श्रेय काढून घेतो.

दोन, खुद्द सिंग यांचं नुकसान. त्यांची अनेक दशकांची कारकीर्द एका अल्बमवर येऊन बसते, तोही परदेशी कसोटीवर पास झाला म्हणून. स्टुडिओतल्या वादकांची नावं तेव्हा रेकॉर्डवर सहसा छापलीच जात नसत. गोव्याचे अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसूझा यांच्यासारखे अरेंजर, किंवा हिंदी सिनेमात सिंथेसायझर आणणारे केरसी लॉर्ड, यांच्याबद्दल आपण आजही मोजकंच वाचतो. ग्रेगरी बूथ या अभ्यासकानं २००८ च्या 'बिहाइंड द कर्टन' या पुस्तकात अशा वादकांशी बोलून तो इतिहास गोळा केला. सिंग यांना समजून घ्यायचं तर ते याच जगातून समजतात. ते आकाशातून पडले नव्हते. 'एकाकी विक्षिप्त प्रतिभावंत' ही गोष्ट वाचायला मजेदार, पण ज्या कामाच्या पद्धतीनं त्यांना घडवलं तीच ती गोष्ट पुसून टाकते.

आणि "प्रथम" हा किताब टिकतही नाही. भारतातलं पहिलं इलेक्ट्रॉनिक संगीत म्हणून सिंग यांचं नाव कुणी घेतलं, तर उत्तर अहमदाबादमध्ये आहे. तिथल्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ मध्ये डेव्हिड ट्युडर यांच्या मदतीनं मूग सिंथेसायझरचा स्टुडिओ उभा राहिला होता. तिथल्या टेप्स कित्येक वर्षं कपाटात पडून होत्या. पॉल पुर्गस यांनी त्या शोधल्या आणि २०२३ मध्ये त्या अल्बमरूपात आल्या. उद्या आणखी एखादं कपाट उघडेल. ज्याचं सगळं मोल "पहिला" असण्यात आहे, त्याचं मोल दर वेळी कपाट उघडलं की संपतं.

"आमच्याकडे हे आधीच होतं" ही आपली जुनी सवय आहे. शिवकर बापूजी तळपदे आणि चौपाटीवरच्या विमानाची गोष्ट तुम्हीही ऐकली असेल. तिथे अडचण अशी की भक्कम पुरावा हाती लागत नाही. सिंग यांच्या बाबतीत पुरावा आहे, खणखणीत आहे, स्पीकर लावून ऐकता येतो. म्हणूनच त्याच्यावर त्याला न पेलणारा दावा लादू नये.

आता तुमचा सिनॉप्सिस काढा

"प्रथमच" हा शब्द शोधा आणि त्याखाली पेन्सिलनं तीन प्रश्न लिहा.

एक : नेमकी कोणती गोष्ट प्रथम? पद्धत, नमुना, प्रदेश की निष्कर्ष? एका वाक्यात व्याख्या बसत नसेल तर दावा अजून तयार नाही.

दोन : आधीच्या कामाशी साम्य दाखवताय की नातं? "अमुक यांच्या कामाशी सुसंगत" आणि "अमुक यांच्या कामावर आधारित" ही दोन वेगळी वाक्यं आहेत. दुसऱ्याला जास्त पुरावा लागतो.

तीन : उद्या कुणीतरी दहा वर्षांपूर्वीचा असाच पेपर दाखवला, तर तुमच्या कामात काय उरतं? काहीच उरत नसेल तर गाईडशी बोलायची वेळ आली आहे. "यंत्रणा का चालते ते मी दाखवतोय" किंवा "ही तुलना मी करतेय" असं काही उरत असेल, तर तेच तुमचं योगदान. सिनॉप्सिसच्या पहिल्या पानावर ते हवं. "प्रथमच" खोडलंत तरी चालेल.

तुमच्या विषयातलं असं "जनक" किंवा "पहिला" म्हणून मिरवणारं एखादं वाक्य असेल तर कमेंटमध्ये टाका. त्याचे तीन दावे वेगळे करून बघू.